गोल नदीचा मुकादम

उत्तर मिशिगनमध्ये ग्रेलिंग गावाजवळ हार्टविक पाइन्स नावाचे राखीव वन आहे, आणि त्या वनात लाकूडतोड्यांच्या जुन्या छावणीच्या धर्तीवर बांधलेले एक लहानसे संग्रहालय आहे. ओंडक्यांच्या भिंतींच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी एकावर एक रचलेले फळ्यांचे बिछाने पाहत उभी होते. शेजारी एक वयस्क गृहस्थ आपल्या नातवाला पॉल बनियन या दंतकथेतल्या महाकाय लाकूडतोड्याच्या गोष्टी सांगत होते: तो किती उंच, त्याचा निळा बैल किती प्रचंड, त्याच्या एका घावात किती झाडे आडवी होत. माझ्याकडे लक्ष जाताच ते थोडे ओशाळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो खरा होता बरं का. बे सिटीत मारला त्याला. डोक्यात लाकडी हातोडा घालून." एवढे बोलून ते नातवाला भिंतीवरची दोनमुठी करवत दाखवायला पुढे निघून गेले. मला मात्र त्या वाक्याने अनेक दिवस छळले. गोष्टीतले राक्षस म्हातारे होतात, उत्तरेकडे निघून जातात, डोंगर होऊन झोपतात. त्यांना कोणी हातोड्याने मारत नाही. आणि सांगणाऱ्याच्या आवाजात शंका नव्हती, अभिमानही नव्हता. दूरच्या नात्यातल्या एखाद्या बिघडलेल्या माणसाविषयी बोलावे, तसा तो सूर होता.

आपल्या लहानपणीच्या लाकूडतोड्याकडे एकच कुऱ्हाड असते. ती नदीत पडते, तो काठावर रडत बसतो, आणि देवता सोन्याची कुऱ्हाड पुढे करते तेव्हा तो नको म्हणतो. गरिबी आणि प्रामाणिकपणा हीच त्याची मिळकत. अमेरिकेत आल्यावर भेटलेला हा दुसरा लाकूडतोड्या मला म्हणूनच सुरुवातीला फार परका वाटला. त्याला देवतेची गरज नाही, नदीची भीती नाही, आणि प्रामाणिकपणाचा तर त्याच्या गोष्टींत विषयच निघत नाही. तो सरोवरे खणतो, हिवाळे उलटेपालटे करतो, जंगलेच्या जंगले सपाट करतो आणि न्याहारीला बसतो. त्याच्या स्वयंपाक्याचा धिरड्यांचा तवा एवढा मोठा, की पायाला डुकराच्या चरबीचे तुकडे बांधून पोरांनी त्याच्यावर घसरत फिरायचे, म्हणजे तवा माखला जायचा. अशी मूर्ती कोणा हाडामांसाच्या माणसावरून घडली असेल, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलेच नव्हते.

बे सिटीत मारला गेलेला माणूस खरोखर होऊन गेला. त्याचे नाव फेबियन फोर्निये. 1845 च्या सुमारास क्वेबेकमध्ये जन्मलेला हा फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेला उतरला आणि मिशिगनच्या पाइनच्या जंगलात कामाला लागला. सहा फुटांचा देह, मोठाले पंजे, आणि सुटीत शहरात आला की गुत्त्यात भांडण ठरलेले. त्याला सॅगिनॉ जो म्हणत. त्याच्या तोंडात दातांच्या दोन ओळी होत्या आणि रागाच्या भरात तो गुत्त्याच्या लाकडी कठड्याचे लचके तोडी, अशा कहाण्या आहेत. वसंतात नदीवाटे ओंडके खाली आले की त्यांच्यामागून हजारो माणसे हिवाळाभराची मजुरी खिशात घेऊन बे सिटीच्या वॉटर स्ट्रीटवर उतरत, आणि गुत्ते, जुगाराचे अड्डे व कुंटणखाने यांच्या त्या पट्ट्यात काही दिवसांत रिकामी होऊन बाहेर पडत. 1875 च्या नोव्हेंबरात, जेमतेम तिशीचा असताना, फोर्निये तिथल्या धक्क्याजवळच्या मारामारीत डोक्यावर हातोडा बसून मेला. ज्याच्यावर खटला चालला तो निर्दोष सुटला. खटल्याची हकीकत छावण्याछावण्यांत पोचली असणार आणि हिवाळ्याच्या लांब रात्रींत ती वाढत गेली असणार, असे मानणारे लोक आजही फोर्नियेलाच बनियनचे मूळ समजतात.

दुसरा दावेदार त्याच्याही आधीचा. 1837 साली क्वेबेकमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध पापिनो या पुढाऱ्याच्या अनुयायांनी उठाव केला. त्या वर्षी 14 डिसेंबरला सँ-युस्ताश या गावी लढाई झाली, बंडखोर चर्चमध्ये अडकले आणि चर्च पेटवून देण्यात आले. या लढाईत बाँ जाँ नावाचा एक धिप्पाड दाढीवाला शेतीची अवजारे घेऊन शत्रूवर तुटून पडला, नंतर तोच एका लाकूडतोड छावणीचा मुकादम झाला आणि त्याच्याच नावाचे पुढे बनियन झाले, असे जेम्स स्टीव्हन्स या लेखकाने 1925 मध्ये आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला लिहिले. स्टीव्हन्स स्वतः मजुरी केलेला माणूस होता आणि गोष्ट रंगवण्यात तरबेज होता. लढाई खरी, जळालेले चर्च खरे. त्या दाढीवाल्याचा मात्र अभ्यासकांना कागदोपत्री माग लागलेला नाही. एकाला अस्सल मृत्यू आहे पण वीरत्व नाही, दुसऱ्याला वीरत्व आहे पण देह नाही. दोघांची बेरीज केली की हवा तसा पूर्वज तयार होतो, आणि ती बेरीज करण्याचा मोह किती जणांना झाला असेल याची कल्पना करता येते.

पण हे दोघेही मारामारी करणारे आहेत, आणि बनियनच्या जुन्या गोष्टींत मारामारी जवळजवळ नाही.

हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. पुस्तकांत येण्यापूर्वी छावणीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी के. बर्निस स्टुअर्ट आणि होमर वॉट या दोघांनी विस्कॉन्सिन आणि आसपासच्या लाकूडतोड्यांकडून गोळा करून 1916 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना वाटते की यात पराक्रम जवळपास नाहीच. सगळे काम आहे. थंडी, बर्फ, रस्ता, बैल, सरपण, वाटाण्याचे सूप, हिशेब. एका हिवाळ्यात निळा बर्फ पडला. एका हिवाळ्यात इतकी थंडी पडली की बोललेले शब्द हवेतच गोठले. सामानाची गाडी सरोवराच्या बर्फातून खाली गेली आणि तिच्यात वाटाण्याची पोती होती, म्हणून पॉलने सरोवरच उकळले आणि छावणीला हिवाळाभर सूप पुरवले. यातली एकही गोष्ट वीराला शोभणारी नाही. जो माणूस रोज पहाटे अंधारात उठून ओले मोजे पायात घालतो आणि रोज तेच खारे डुकराचे मांस, तीच घेवड्याची उसळ खातो, त्याच्या डोक्यातून निघालेल्या या गोष्टी आहेत.

त्या खोलीतले बिछाने पाहिल्यावर हे अधिक पटते. अशा एका खोलीत साठ-सत्तर माणसे झोपत. बिछान्यांच्या पायथ्याशी अर्ध्या चिरलेल्या ओंडक्याचे लांबलचक बाक असे, त्याला डीकन सीट म्हणत. रात्रीच्या जेवणात बोलायला बंदी. स्वयंपाक्याला भांडी लवकर रिकामी हवी असत आणि बोलण्यातून भांडणे होत. छावणीत दारूलाही मनाई. म्हणजे जेवण आणि दिवा विझणे यांच्यामध्ये जो तास-दीड तास मिळे, तेवढाच बोलण्याचा. शेगडीच्या वर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लोकरीच्या मोज्यांची वाफ, तंबाखू, घामट अंगे, छताच्या भोकातून निघून न गेलेला धूर, आणि त्यात कोणीतरी एक जुना मुरलेला गडी, कोणाकडे न पाहता, ज्या आवाजात हवामानाविषयी बोलावे त्या आवाजात सुरू करी: निळा बर्फ पडला त्या हिवाळ्यात मी बिग ओनियन नदीवर पॉलकडे होतो. दुसरा त्याला दुरुस्त करी, की नाही, बैल त्या वर्षी नव्हता, तो पुढच्या वर्षीचा. या दुरुस्त्यांवरच सगळी मौज उभी असे. बाकावर एखादा पोरसवदा नवखा बसलेला असे, त्याच्या चेहऱ्यावर विश्वास उमटला की खेळ जिंकला. लोणकढी थाप पचवायची तर सांगणाऱ्याने हसायचे नसते. 1885 च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या छावण्यांत या गोष्टी चालत होत्या, म्हणजे छापखान्यापर्यंत पोचण्याआधी वीसेक वर्षे त्या निव्वळ तोंडावर जगल्या.

आणि नवख्याने तरी विश्वास का ठेवू नये? त्याने दिवसभर जे पाहिलेले असे, तेच मुळात अविश्वसनीय होते. कडाक्याच्या रात्री घोड्यांच्या गाडीवर पाण्याची प्रचंड टाकी ठेवून जंगलातल्या रस्त्यावर पाणी शिंपडत नेत, सकाळपर्यंत त्याचा काचेसारखा बर्फ होई आणि त्या बर्फावरून ओंडक्यांच्या घसरगाड्या जात. उतारावर गाडी घोड्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून वाटेत गवत पसरायला एक माणूस उभा असे. त्याचा अंदाज चुकला की घोडे आणि हाकणारा दोघेही संपले. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दाखवण्यासाठी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात इवेन या गावाजवळ एका घसरगाडीवर पांढऱ्या पाइनचे 50 ओंडके रचले गेले. त्यांचे माप 36,055 बोर्ड फूट भरले (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). तेहेतीस फुटांवर उंची गेलेला तो भार दोन घोड्यांनी ओढला. त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे: एखाद्या तीनमजली इमारतीएवढा ओंडक्यांचा ढीग, त्याच्या माथ्यावर उभी असलेली माणसे आणि समोर दोन घोडे. मला ते पहिल्यांदा पाहताना चित्र जुळवून तयार केले असावे असे वाटले. जिथे घडलेली गोष्ट अशी दिसते, तिथे थाप मारणाऱ्याला तिच्या पुढे जायचे तर सरोवर उकळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

बनियनविषयी विस्ताराने पहिल्यांदा छापले ते जेम्स मॅकगिलिव्रे याने. तो मिशिगनच्या ओ सेबल नदीच्या परिसरात वाढलेला आणि कोवळ्या वयात छावण्यांत काम केलेला. 1906 मध्ये ओस्कोडा गावच्या वृत्तपत्रात आणि पुन्हा 24 जुलै 1910 रोजी डेट्रॉइट न्यूजमध्ये त्याने गोल नदीची गोष्ट लिहिली. मला ती सर्वांत आवडते. हिवाळाभर तोडलेले ओंडके वसंतात नदीत सोडले, आणि माणसे खिळ्यांचे बूट घालून, हातात आकडीचे दांडे घेऊन त्यांच्यासोबत खाली निघाली. बऱ्याच दिवसांनी काठावर एक छावणी दिसली, अगदी पॉलच्या छावणीसारखी. पुढे आणखी चालले, पुन्हा तशीच एक छावणी. तिसऱ्यांदा ती दिसली तेव्हा कोणीतरी ओळखले, की ही आपलीच. नदी गोल होती. तिला मुखच नव्हते. सगळा हिवाळा, सगळी तोड, सगळे बर्फात गोठलेले पाय, आणि ओंडके फिरून फिरून जागच्या जागी. ऐकणारे हसत असतील, पण त्यातला निम्मा भाग हसण्यासारखा नाही, हे त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कळत असणार. महिनाकाठी वीस-पंचवीस डॉलर मिळवणारा माणूस वसंतात वॉटर स्ट्रीटवर ते उडवून नोव्हेंबरात पुन्हा त्याच छावणीच्या दाराशी उभा राही.

याच गोष्टींच्या घोळक्यात एक छोटासा प्रसंग आहे, जो मुलांच्या पुस्तकांत मी कधी वाचलेला नाही. हंगाम संपला आणि पॉलकडे मजुरी द्यायला पैसे नव्हते. तेव्हा तो धावत छावणीत आला आणि ओरडला, की आपण सरकारी जमिनीवरची झाडे तोडली आहेत, सगळ्यांना अटक होणार आहे, पळा. माणसांनी हाताला लागेल ते उचलले आणि ती वाट फुटेल तिकडे पळाली. मजुरी मागायला कोणी परत आले नाही.

इथे मी थांबले, कारण या गोष्टींत पॉल कुऱ्हाड चालवणारा मजूर नसून मुकादम आहे, ही साधी बाब तोवर माझ्या नजरेतून निसटली होती. गोष्ट सांगणारे सगळे त्याचे नोकर. ते त्याचे कौतुक करतात, त्याच्या ताकदीच्या बाता मारतात, आणि त्याच दमात तो आपली मजुरी कशी बुडवतो हेही सांगून टाकतात. सरकारी जमिनीचा उल्लेखही हवेतला नाही. त्या काळी जमिनीची मोजणी चाळीस एकरांच्या चौकोनांत होत असे. लाकडाचा व्यापारी असा एक चौकोन विकत घेई आणि त्याच्या चारी बाजूंची सरकारी झाडे तोडून नेई. आपली हद्द कुठे संपते हे जंगलात कोण पाहायला येतो? पॉलच्या गोष्टींतही एक चाळीस एकरांचा तुकडा आहे. तो पिरॅमिडसारखा उभा आहे आणि त्याच्या चारी उतारांवर दाट झाडी आहे. शिखर पाहायचे तर एका माणसाची मान थकेल तिथून पुढे दुसऱ्याने पाहायला सुरुवात करायची. चाळीस एकर विकत घेऊन त्यातून अमाप लाकूड कसे निघाले, या प्रश्नाचे ते बाकावरचे उत्तर होते. मालकाचे नाव घेता येत नसे, पॉलचे घेता येई. बे सिटीत फुटलेल्या कवटीपेक्षा मला या दंतकथेचा उगम इथे दिसतो: बुडालेल्या मजुरीत, सरकलेल्या हद्दीत, पाणी शिंपडलेल्या रस्त्यावर. फोर्निये नसता तरी या गोष्टी झाल्या असत्या. ते काम नसते तर मात्र झाल्या नसत्या.

आपल्याकडे डोंगरात कोरलेली कुठलीही जुनी लेणी दाखवून गावकरी सांगतात, की ही पांडवांनी एका रात्रीत कोरली. नाशिकची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी शतकानुशतके कोरली गेली, देणाऱ्यांची नावे तिथल्या शिलालेखांत आहेत, तरी त्यांना नाव पांडवलेणी हेच मिळाले. छिन्नी चालवणाऱ्या हातांची नोंद कुठेच नाही. इतके काम साध्या माणसांनी केले असेल यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते भीमाच्या खात्यावर टाकायचे. उत्तर मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या प्रदेशांत जे घडले त्याचेही असेच झाले. मिनेसोटाची हजारो सरोवरे म्हणजे पॉलच्या आणि त्याच्या बैलाच्या पावलांचे ठसे, असे तिथे कौतुकाने सांगतात. जंगल तुटले ते मात्र खरोखर माणसांनी तोडले, आणि तेही एका आयुष्याच्या आत. सॅगिनॉ नदीकाठच्या गिरण्यांनी 1882 या एकाच वर्षात शंभर कोटी बोर्ड फुटांहून अधिक लाकूड चिरले. विसावे शतक उजाडले तेव्हा मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पातले पाइनचे मूळ जंगल जवळपास संपलेले होते. मागे राहिले ते बुंध्यांचे माळ आणि वाळलेल्या फांद्यांचे, सालींचे ढीग, ज्यांना ठिणगी पुरे. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री विस्कॉन्सिनमधले पेश्टिगो गाव अशाच आगीत जळाले आणि किमान बाराशे माणसे मेली. त्याच रात्री शिकागोही पेटले, म्हणून पेश्टिगो फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. आणि शिकागो पुन्हा उभे करायला लाकूड याच जंगलांतून गेले. पॉलच्या गोष्टींत थंडी आहे, बर्फ आहे, चिखल आहे, डास आहेत. आग मात्र मला फारशी आढळली नाही. काही गोष्टींची थाप होत नसावी.

जंगल संपले आणि पॉल प्रसिद्ध झाला. मिनेसोटात मोठी झालेली रेड रिव्हर लंबर कंपनी तिथले पाइन संपत आल्यावर कॅलिफोर्नियाला गेली, वेस्टवुड नावाचे गाव वसवून तिने तिथे गिरणी उभारली, आणि पश्चिमेकडचे अनोळखी लाकूड पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांच्या गळी उतरवण्यासाठी तिला जाहिरात हवी होती. विल्यम लॉफहेड हा चित्रकार तरुणपणी मिनेसोटाच्या छावण्यांत राहिलेला. त्याने 1914 मध्ये पॉल बनियनच्या गोष्टींची एक छोटी पुस्तिका कंपनीसाठी काढली. मिशाळ, गोल चेहऱ्याचा, हसतमुख पॉल त्याच्याच लेखणीतून उतरला. बैलाचे बेब हे नावही त्यानेच ठेवले. बेबच्या दोन डोळ्यांमधले अंतर 42 कुऱ्हाडींचे दांडे आणि वर तंबाखूची एक वडी, हे माप आता सगळ्यांना पाठ आहे. पुस्तिका फुकट वाटल्या गेल्या, पुढे नव्या आवृत्त्या निघाल्या, वर्तमानपत्रांनी गोष्टी उचलल्या, आणि कंपनीने आपल्या फळ्या पॉलच्या नावाने विकल्या. ज्या मुकादमाच्या नावाने मजूर आपसात मालकाची टिंगल करत, तो मालकाच्या शिक्क्यावर जाऊन बसला. रिचर्ड डॉर्सन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाला याचा इतका संताप आला की 1950 मध्ये त्याने या सगळ्या प्रकाराला बनावट लोककथा ठरवून झोडपले. त्याचा राग मला समजतो, पण मी त्याच्याइतकी कठोर होऊ शकत नाही. लॉफहेडने त्या शेगडीची ऊब आणि तो वास स्वतः अनुभवलेला होता. त्याने विकले ते लाकूड, पण जपल्या त्या काही थापाही. पुस्तिका नसती तर ग्रेलिंगच्या त्या खोलीत आजोबांकडे नातवाला सांगण्यासारखे काय उरले असते, कोण जाणे.

माझी स्थितीही फारशी निर्मळ नाही. मी राहते ते घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले आहे, आणि त्याची जमीन पाइनच्या रुंद फळ्यांची आहे. आता इतक्या रुंद फळ्या मिळत नाहीत, कारण तेवढ्या जाडीची झाडेच राहिलेली नाहीत. घर घेताना दाखवणाऱ्याने या फळ्यांचे विशेष कौतुक केले होते आणि मलाही त्या आवडल्या होत्या. अजूनही आवडतात. उन्हाळ्यात दमट हवेत त्यांना अगदी मंद राळेचा वास येतो, निदान मला तसा भास होतो. हार्टविक पाइन्समध्ये उभे असलेले जुने पाइन पाहून आले, की त्या फळ्यांवरून चालताना जरा अवघडल्यासारखे होते. 1927 मध्ये कॅरेन हार्टविक यांनी पतीच्या स्मरणार्थ आठ हजारांहून अधिक एकर जमीन राज्याला दिली, आणि तिच्यातले 85 एकर न तोडलेले जंगल होते. 1940 च्या नोव्हेंबरातल्या वादळाने त्यातले बरेच पाडले आणि 49 एकर राहिले. आणि ही जमीन देणाऱ्या बाई लाकडाच्या व्यवसायातल्याच घराण्यातल्या होत्या. तोडणारे आणि राखणारे अशी दोन वेगळी माणसे शोधायला गेले की हाती एकच घर लागते.

या सगळ्या गोष्टींत पॉल येण्यापूर्वी जंगलात कोणीच नसते. 1819 च्या सॅगिनॉच्या आणि 1836 च्या वॉशिंग्टनच्या तहाने मिशिगनमधल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांकडून लक्षावधी एकर जमीन काढून घेतली गेली, त्यानंतर मोजणीदार आले, त्यानंतर कुऱ्हाडी. पॉलला हे ठाऊक नाही. पण त्या लोकांना पॉल ठाऊक आहे. मिनेसोटातल्या बेमिजी गावी 1937 मध्ये उभारलेला पॉलचा 18 फुटी पुतळा आहे, शेजारी निळा बेब आहे, आणि प्रवासी त्यांच्यापुढे छायाचित्रे काढतात. तिथून जवळच रेड लेकचे ओजिब्वे लोक आहेत, तेही अनिशिनाबेच, आणि त्यांच्यात सांगितली जाणारी गोष्ट अशी: पॉल झाडे तोडत तोडत रेड लेकपर्यंत आला, तेव्हा नानाबोझोने त्याला अडवले. नानाबोझो हा त्यांचा जुना, खोडकर, रूपे बदलणारा नायक. दोघे चाळीस दिवस आणि चाळीस रात्री झुंजले. शेवटी नानाबोझोने सरोवरातला एक भला मोठा वॉलआय मासा उपसून पॉलला हाणला. काही सांगणारे म्हणतात पॉल मेला, काही म्हणतात तो हा मुलूख सोडून गेला. म्हणून इथे थोडे पाइन शिल्लक आहेत.

मला ही पॉलच्या सर्व गोष्टींत सर्वांत रीतसर वाटते, कारण थापेला उत्तर थापेनेच दिले आहे, आणि तेही न हसता. पाइन खरोखरच शिल्लक आहेत, फक्त सरकारी दप्तरात कारण वेगळे लिहिलेले आहे. 1882 मध्ये जोसाया किंग या मोजणीदाराच्या तुकडीने उत्तर मिनेसोटात नकाशा आखताना कॉडिंग्टन नावाचे सरोवर चुकीच्या ठिकाणी दाखवले. नकाशावर जिथे पाणी होते तिथली झाडे विकत घ्यायला कोणी आले नाही, म्हणून आजूबाजूचे सगळे तुटले आणि ते 144 एकर राहून गेले. त्याला आज हरवलेले चाळीस म्हणतात, जरी ते चाळिसांच्या तिपटीहून अधिक आहेत, आणि तिथल्या काही झाडांचे वय तीनशे वर्षांहून जास्त आहे. सरोवर म्हणून नोंदलेल्या जागेवर शंभर फुटी पाइन उभे आहेत, ही हकीकत डीकन सीटवर कोणी सांगितली असती, तर बाकावरच्या नवख्या पोराने कधी नव्हे ती थाप लगेच ओळखली असती. आणि सांगणाऱ्याने तोंडातली तंबाखू शेगडीत थुंकून मोजणीदाराचे नाव, वर्ष आणि एकरांचा आकडा त्याला ऐकवला असता.